डिटेक्टरची जागा प्लग पॉइंटने नाही, गॅसने ठरवायची

वाचकाचं पत्र:

'सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मध्यंतरीच्या आजारपणानंतर त्यांना वासच येईनासा झालाय. दुपारी त्या घरात एकट्या असतात. मागच्या महिन्यात बर्नरचा नॉब अर्धवट उघडा राहिला. मी संध्याकाळी दार उघडलं तेव्हा वास आला. त्या मात्र हॉलमध्ये दिवाणावर शांत झोपलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मी दोन गॅस डिटेक्टर आणले, पण ते लावायचे कुठे यावर घरात एकमत होत नाही. गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर, छताजवळ एक पॉइंट रिकामा आहे, मिस्टर म्हणतात तिथेच लावू. इलेक्ट्रिशियन म्हणतो, भिंतीच्या मधोमध लावा, वरचं-खालचं दोन्ही कळेल. शेजारच्या काकांचं म्हणणं, सिलिंडरच्या कपाटातच लावा, गळती तिथूनच होणार. दुसरा डिटेक्टर मी बाथरूममधल्या गॅस गिझरपाशी लावायच्या विचारात आहे. सिलिंडर ओट्याखाली शटरच्या आत असतो. स्वयंपाकघराला दार नाही, तिथून हॉलमध्ये यायला एक पायरी उतरावी लागते. काही महिन्यांत पाइपचा गॅस येणार आहे. आणि हो, सासूबाई दुपारी कानातलं मशीन काढून ठेवतात.'

प्रिय ताई,

आधी थेट उत्तर. घरात सिलिंडर आहे तोवर दोन्ही डिटेक्टर खाली लावा, जमिनीपासून वीतभर उंचीवर. पहिला स्वयंपाकघरात, सिलिंडरचं शटर आणि पायरी यांच्या मधल्या भिंतीवर. दुसरा हॉलमध्ये, पायरी उतरल्यावर दिवाणाच्या बाजूला. छताजवळचा पॉइंट विसरा. मधोमध लावायचा सल्ला ऐकू नका. कपाटात लावू नका. बाथरूममध्ये तर हे यंत्र नकोच, तिथला धोका वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता कारणं सांगते, म्हणजे घरच्यांना पटवता येईल.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. त्यामुळे गळालेला गॅस वर जात नाही. फरशीवर पाणी सांडलं की जसं उताराकडे पसरतं, खोलगट जागा शोधून तिथे साचतं, तसाच तो पसरतो. शेगडी ओट्यावर असली, गळती कमरेच्या उंचीवर झाली, तरी हवा शांत असेल तर गॅस ओट्याच्या कडेवरून खाली उतरतो आणि तळाशी थर धरतो.

या थराचा हिशेब एकदा नीट मांडून पाहा, कारण सगळं त्यातच आहे. सिलिंडरचा गॅस हवेत साधारण १.८ ते २ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच अशी खोली धरा. तिच्यात गॅस सगळीकडे सारखा मिसळला, तर ती पातळी गाठायला एक किलोच्या आसपास गॅस लागेल. पण तो सारखा मिसळत नाही. तो खालच्या तीस सेंटिमीटरच्या थरातच राहिला, तर शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतो. मध्यम आकाराचा बर्नर पूर्ण उघडा राहिला तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस बाहेर पडतो. म्हणजे तासाभराच्या आतच तळाचा थर पेट घेण्याजोगा होऊ शकतो, आणि त्या वेळी छताजवळच्या यंत्राला काहीही कळलेलं नसतं. त्याचा हिरवा दिवा जळत असतो आणि घरातल्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. मला यंत्र नसण्यापेक्षा या हिरव्या दिव्याची जास्त भीती वाटते.

उलट तेच यंत्र खाली असेल तर काय होतं पाहा. घरगुती डिटेक्टर बहुधा पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या १० ते २० टक्क्यांवर भोंगा वाजवतात. वरच्याच हिशेबाने, त्या थरात दहा-वीस ग्रॅम गॅस साचला की त्याला जाग येते. धोक्याच्या बऱ्याच आधी. तुम्ही पैसे मोजलेत ते या मधल्या वेळासाठी, आणि चुकीच्या उंचीवर लावलं की तो वेळच हातातून जातो.

मधोमध लावायची कल्पना ऐकायला समजूतदार वाटते, म्हणूनच ती पसरलेली आहे. पण सिलिंडरचा जड गॅस खाली साचणार आणि पाइपचा हलका गॅस वर. मधली उंची दोघांच्याही वाटेवर नाही, तिथे कुठलाही गॅस उशिराच पोचतो. डिटेक्टरच्या खोक्यावर 'दोन्ही गॅससाठी' असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की आतला सेन्सर दोन्ही गॅस ओळखतो. जागा तुम्हालाच ठरवायची असते.

वीतभर उंची म्हणते तीही उगाच नाही. अगदी जमिनीला टेकवून लावलं तर फरशी पुसताना पाणी आत जातं, केरसुणीची धूळ जाळीत बसते, जाता-येता पाय लागतो. दहा सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका आणि तीसच्या वर जाऊ नका. समोर खुर्ची, गोणी, लांब पडदा असं काही येणार नाही अशी भिंत निवडा. खाली लावलेल्या वस्तूपुढे सामान फार लवकर येऊन बसतं.

शेगडीपासूनचं अंतरही महत्त्वाचं. किमान एक मीटर दूर, पण चार मीटरच्या आत. फार जवळ असेल तर बर्नर पेटवताना सुटणारा क्षणभराचा गॅस आणि तेलाची वाफ यांनी तो ऊठसूट वाजेल. रोज वाजणारा डिटेक्टर आठवड्याभरात कुणीतरी प्लगमधून काढून ठेवतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. फार दूर असेल तर गॅस तिथवर पोचेपर्यंत उशीर. खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन यांच्या झोतातही नको, तिथली हवा सतत बदलत राहते आणि गॅस सेन्सरपर्यंत येण्याआधीच विरळ होतो. सिंकच्या बाजूला तर अजिबात नको.

आता कपाटाचं. शेजारच्या काकांचा तर्क मला समजतो, गळती बहुतेकदा रेग्युलेटर किंवा रबरी नळीच्या टोकालाच होते. पण डिटेक्टरला वीज लागते, म्हणजे त्या बंद कपाटात सॉकेट आलं, आणि सिलिंडरशेजारी सॉकेट म्हणजे ठिणगीची जागा आपण स्वतःच तयार केली. शिवाय सिलिंडर बदलताना सुटणाऱ्या थोड्याशा गॅसने तो दर वेळी वाजेल. बंद शटरमागून आवाज दबून येईल. आणि शेगडीकडची गळती आतल्या यंत्राला कळणारच नाही. कपाटासाठी करायचं काम वेगळंच आहे. शटरच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, जाळी किंवा भोकं आहेत का ते आजच बघा. नसतील तर सुताराकडून पाडून घ्या. भोकं वरच्या बाजूला असून उपयोग नाही. खालून वाट मिळाली की गळालेला गॅस आत कोंडून न राहता बाहेर येईल, आणि बाहेर भिंतीवर तुमचं यंत्र आहेच.

तुमच्या घरातली ती पायरी. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. स्वयंपाकघराला दार नाही, उंबरा नाही, आणि हॉल एक पायरी खाली. म्हणजे गळालेला गॅस स्वयंपाकघरात फार काळ थांबणारच नाही, पायरीवरून उतरून हॉलमध्ये येईल. जिथे सासूबाई झोपतात तिथे, जमिनीच्या बाजूला. पायरीजवळच फ्रिज ठेवलेला असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या. नेहमीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि त्याला चालू-बंद करणारा रिले मागच्या बाजूला तळाशी असतो. गॅस जिथे साचतो त्याच उंचीवर, दिवसातून कितीतरी वेळा, कुणीही हात न लावता तिथे वीज जोडली-तोडली जाते. म्हणून तर पहिला डिटेक्टर पायरीच्या वरच हवा, गॅस खाली उतरायच्या आधी. हॉलमध्ये पंखा चालू असेल तर तो गॅस ढवळून सगळीकडे पसरवतो, मग तळाचा थर विरळ होतो आणि खालच्या यंत्राला उशिरा कळतं. यावरूनही पहिली जागा स्वयंपाकघरातली ठरते, हॉलमधली दुसरी.

स्वयंपाकघरात फरशीला पाणी जायची जाळी आहे का? असेल तर तिच्यात पाणी भरलेलं राहील याची काळजी घ्या. कोरड्या पडलेल्या जाळीतून जड गॅस सांडपाण्याच्या नळीत उतरतो आणि भलतीकडेच वर येतो.

आता सासूबाईंविषयी. गॅसला जो वास असतो तो त्याचा स्वतःचा नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला. जवळजवळ तीनशे माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं होती. कुणालाही आधी काही कळलं नव्हतं. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळणं तिथे कायद्याने सक्तीचं झालं आणि हळूहळू ती पद्धत जगभर पसरली. म्हणजे घरोघरची सगळी सावधगिरी माणसाच्या नाकावर उभी आहे, आणि तुमच्या सासूबाईंकडे नेमकं तेच नाही. त्यांच्यासाठी डिटेक्टर ही चैन नाही, तुम्ही योग्यच केलंत. त्यांना त्या दिवशी कळलं नाही यात त्यांचा काही दोष नाही. घरात कुणी तसं बोलत असेल तर ते थांबवा.

पण नाकाऐवजी कान, अशी अदलाबदल केली आणि कानही बंद असतील, तर? अशा यंत्रांचा भोंगा सहसा तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे तीक्ष्ण, उंच पट्टीचा असतो. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी याच पट्टीत. शेजाऱ्यांना तो कर्कश वाटेल आणि शेजारच्याच दिवाणावर झोपलेल्या सासूबाईंना कळणारही नाही, असं खरोखर होऊ शकतं. म्हणून भिंतीला छिद्र पाडण्याआधी एक करा. एखाद्या दुपारी त्या मशीन काढून पडल्या असताना, त्यांना आधी कल्पना देऊन, यंत्र ठरवलेल्या जागी धरा आणि टेस्टचं बटण दाबा. पंखा चालू ठेवा, टीव्ही लागलेला असतो तसा लावा. त्या हात वर करतात का बघा. ऐकू आलं नाही तर भोंग्याला जोडून लखलखणारा दिवा किंवा उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते, ती घ्या. श्रवणयंत्राच्या दुकानदाराला विचारलं तर तो सांगेल. तुमच्या फोनवर सूचना पाठवणारा डिटेक्टर असेल तर उत्तमच, पण त्यावरच विसंबू नका. तुम्ही मीटिंगमध्ये आणि फोन पर्समध्ये, असं होणारच. समोरच्या बिऱ्हाडात कुणी दुपारी घरी असेल तर हा आवाज कसला, तो ऐकू आला की काय करायचं, हे त्यांनाही सांगून ठेवा.

याहून एक पाऊल पुढे जायची तयारी असेल तर दोन गोष्टी सुचवते. शेगडी बदलणार असाल तेव्हा ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी घ्या. नॉब उघडा राहिला तरी ज्योतीशिवाय गॅस सुटत नाही. आणि डिटेक्टरला जोडून, गळती कळताच पुरवठा बंद करणारा स्वयंचलित व्हॉल्व्हही बसवता येतो. दिवसा एकट्या राहणाऱ्या, वास न येणाऱ्या माणसासाठी हा खर्च मी डोळे झाकून करायला सांगेन. मात्र तो बसवायचं काम गॅसच्या अधिकृत फिटरकडूनच करून घ्या.

भोंगा वाजला तर सासूबाईंनी काय करायचं, हे एका वाक्यात ठरवा: उठायचं, चालत घराबाहेर जायचं, बाहेरून फोन करायचा किंवा समोरचं दार हाताने ठोठावायचं. एवढंच. रेग्युलेटर बंद करायला वाकणं, खिडक्या उघडणं हे त्यांच्यावर टाकू नका. तुम्ही घरात असाल तर शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर पडा. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह सगळ्यांना होतो, तोही नको. वाजणाऱ्या डिटेक्टरचा प्लगसुद्धा काढायचा नाही, काढतानाही ठिणगी पडते. गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा तो बाहेर येऊन. आणि बाहेरून आलेल्या माणसाने बेल वाजवायची नाही, हे शेजाऱ्यांना आवर्जून सांगा.

गिझरची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला तुम्हाला जरा कडक शब्दांत सांगायचं आहे. बाथरूममधल्या गिझरचा मोठा धोका गळतीचा नसून कार्बन मोनॉक्साइडचा आहे. बंद, लहान खोलीत हवा अपुरी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला चक्कर येते, हातपाय गळतात, आणि दाराची कडी काढायलाही जमत नाही. तुमचा गॅस डिटेक्टर हे ओळखत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म घ्यावा लागतो. हा वायू हवेइतकाच जड असतो, म्हणून वर की खाली हा वाद तिथे नाही. तो अलार्म बाथरूमच्या बाहेर, झोपायच्या खोलीच्या वाटेवर, साधारण श्वासाच्या उंचीवर लावतात. बाथरूमच्या आतल्या वाफेत तो लवकर बिघडतो. पण त्याहून आधीचं काम म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवणं. ते होईपर्यंत सासूबाईंसाठी पाणी बाहेर तापवून बादलीत काढा आणि गिझर बंद करूनच त्यांना आंघोळीला पाठवा.

यंत्राविषयी थोडंसं. टेस्टचं बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर जिवंत आहे की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून काही लोक लायटरचा गॅस सोडून बघतात. तसं करू नका. इतका दाट गॅस थेट अंगावर आला की सेन्सर खराब होऊ शकतो, आणि कमी प्रमाणात तो ओळखेल का हा खरा प्रश्न तसाच राहतो. सेन्सरचं आयुष्य संपायची तारीख मागच्या स्टिकरवर असते, बहुधा पाच ते दहा वर्षांनंतरची. ती मार्करने यंत्राच्या पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहा. वीज गेली की बरेचसे डिटेक्टर झोपतात, तेव्हा तुमच्याकडच्यांत बॅटरीची सोय आहे का तपासा. वीज परत आल्यावर सेन्सर तापायला काही मिनिटं लागतात, तोवर तो पहाऱ्यावर नसतो. डासांचे, अत्तराचे, रंगाचे स्प्रे त्याच्याजवळ मारू नका. अनेक डब्यांत दाब देण्यासाठी प्रोपेन-ब्युटेनच भरलेला असतो, त्यामुळे तो वाजला तर त्याचं चुकलं असं नाही.

आणि महिन्यातून एकदा रबरी नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

राहिला पाइपचा गॅस. तो मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो वर जातो, छताला लागून साचतो आणि तिथून खाली उतरत येतो. हवेत ५ ते १५ टक्के असताना तो पेटतो. त्याचं कनेक्शन सुरू होईल त्या दिवशी खालचे डिटेक्टर आंधळे झाले असं समजा. तेव्हा यंत्र छतापासून साधारण तीस सेंटिमीटर खाली हवं, आणि स्वयंपाकघराच्या मोकळ्या कमानीच्या वरच्या कडेहून उंच हवं. त्या कडेपर्यंत गॅस भरल्यावरच तो हॉलकडे वळतो, त्याआधी यंत्राला कळायला पाहिजे. मध्ये तुळई असेल तर शेगडीच्या बाजूलाच लावा, पलीकडे नको. मिस्टरांनी दाखवलेला पॉइंट तेव्हाही चालणार नाही, कारण तो थेट शेगडीच्या वर आहे आणि तेलाची वाफ महिन्याभरात जाळी बुजवून टाकेल. मीटरभर तरी बाजूला सरका. डिटेक्टरवर मिथेन किंवा नैसर्गिक वायू असं लिहिलं आहे का तेही आत्ताच वाचून घ्या. फक्त एलपीजी लिहिलेलं असेल तर तेव्हा नवे घ्यावे लागतील.

इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा स्वयंपाकघरातल्या त्या एकाच भिंतीवर दोन पॉइंट काढून घ्या, एक वीतभर उंचीवर आत्तासाठी, एक छताखाली पुढच्यासाठी. भिंत एकदाच फोडावी लागेल. हॉलमधला डिटेक्टर मात्र पाइपचा गॅस सुरू झाल्यावरही, शेवटचा सिलिंडर घरातून बाहेर जाईपर्यंत खालून हलवू नका.